फ्लश लावला की बाथरूमखालून पाणी: आरव्हीच्या ब्लॅक टँक फ्लशचं नेहमीचं दुखणं

इलिनॉयमध्ये थंडी सरली, ट्रेलर बाहेर निघाले, की पहिल्या-दुसऱ्या ट्रिपनंतर मला हमखास फोन येतो. "दादा, टँक धुवायला पाणी लावलं आणि ट्रेलरखाली तळं झालं." आमच्या कॅम्पिंगच्या गटात सात मराठी कुटुंबं आहेत. त्यातल्या पाच ट्रेलरवर हे काम मी स्वतः केलंय, माझ्या ट्रेलरवर तर दोनदा. दर वेळी फोनवर तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, ब्लॅक टँक म्हणजे त्यातल्या कमोडचा मैला साठवणारी टाकी. आणि इथे फ्लश म्हणजे कमोडचा फ्लश नव्हे, तर ती टाकी आतून धुणारी पाण्याची वेगळी लाइन.

आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा. "फ्लश बिघडला" एवढंच सगळे सांगतात, पण त्या एका वाक्यात पाच वेगवेगळी दुखणी असतात.

- फ्लशच्या इनलेटला होज लावून नळ सोडला की होज टणक होते, पण आत पाणी पडल्याचा आवाज येत नाही, किंवा अगदी बारीक येतो.
- फ्लश चालू असेपर्यंतच बाथरूमच्या जमिनीवर, सिंकखालच्या कपाटात किंवा ट्रेलरच्या पोटाखालून पाणी येतं. नळ बंद केला की थोड्या वेळात थांबतं. एरवी सिंक, शॉवर, कमोड वापरताना टिपूसही नाही.
- पाणी व्यवस्थित पडतंय, टँक रिकामाही केलाय, पण आतलं पॅनल अजून दोन-तृतीयांश भरल्याचं दाखवतंय.
- पाणी पडतंय, पण बाहेर येणारं पाणी पहिल्यापासून स्वच्छ दिसतं आणि वास मात्र जात नाही.
- कमोडमध्ये खालून पाणी चढतं. असं झालं तर पुढचं वाचण्याआधी नळ बंद करा.

दुसरं लक्षण असेल आणि ट्रेलर हिवाळाभर उघड्यावर उभा असेल, तर दुखणं कुठे आहे ते मी न बघताही बहुतेक वेळा सांगू शकतो. तरीही क्रम सोडू नका. मी एकदा सोडला होता. भिंतीतलं पॅनल उचकटून काढलं आणि शेवटी दोष निघाला होजच्या जाळीत.

पाणी जातं कसं

ट्रेलरच्या कुशीला दोन-तीन इनलेट असतात. एक पिण्याच्या पाण्याचं, एक फ्लशचं. फ्लशच्या इनलेटमधून पाणी सरळ टँकमध्ये जात नाही. आधी भिंतीच्या आतून वर चढतं, कमोडच्या काठापेक्षा उंच जातं, तिथे व्हॅक्यूम ब्रेकर नावाच्या मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यातून वळतं आणि मग खाली उतरून टँकच्या भिंतीत बसवलेल्या नोझलमधून आत फवारतं.

हा उलटा वळसा मुद्दाम ठेवलेला असतो. टँक भरलेला असताना नोझल मैल्यात बुडालेलं असू शकतं. त्याच वेळी कॅम्पग्राउंडच्या मुख्य लाइनचा दाब अचानक पडला, कुठे पाइप फुटला किंवा अग्निशमन दलाने हायड्रंट उघडला, तर लाइन उलटी ओढायला लागते. व्हॅक्यूम ब्रेकर अशा वेळी हवा आत घेतो आणि ती ओढ तिथेच तोडतो. तो नसेल तर मैल्याचं पाणी तुमच्या होजमधून मागे जाऊन शेजारच्या साइटवरच्या पिण्याच्या नळात येऊ शकतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हात लावण्याआधी

रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. फ्लशची होज वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाची, आणि ती पिण्याच्या पाण्याच्या होजसोबत एका पेटीत ठेवू नका. घाईत अदलाबदल होतेच.

दुसरं म्हणजे, तपासणी करताना ब्लॅक टँकचा डंप व्हॉल्व्ह, म्हणजे टँक रिकामा करायचा व्हॉल्व्ह, उघडा असू द्या आणि फ्लश चालू ठेवून कुठेही जाऊ नका. हिशोब साधा आहे. टँक ४० गॅलनचा असेल आणि पाणी मिनिटाला ३ गॅलन येत असेल, तर बंद व्हॉल्व्हवर तो १३-१४ मिनिटांत गच्च भरतो. त्यानंतर पाणी छतावरच्या व्हेंट पाइपमध्ये चढायला लागतं. टँकच्या तळापासून छतापर्यंत आठ-नऊ फूट पाण्याचा खांब उभा राहिला की तळावर साधारण साडेतीन पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण दर चौरस फुटाला ते पाचशे पौंडांच्या आसपास होतं. टँक दाब सोसायला बनवलेला नसतो. आमच्या गटातल्या एकाने नळ सोडला आणि तो पोहे खायला शेजारच्या ट्रेलरमध्ये गेला. परत येईपर्यंत छतावरून मैल्याचं पाणी ओघळत होतं आणि टँकचा एक कोपरा फुगून खालचं आवरण ढकलत होता.

१. फुकटातली तपासणी: नळ, होज, जाळी

होज योग्य इनलेटला लावली आहे ना, ते बघा. दोन बाथरूमच्या मोठ्या ट्रेलरना दोन ब्लॅक टँक आणि दोन वेगळी फ्लश इनलेट असतात. चुकीच्या बाजूला लावून "आवाज येत नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

मग होज इनलेटवरून काढा आणि पाच गॅलनची बादली भरा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर दोष ट्रेलरमध्ये शोधू नका, तो नळाच्या बाजूला आहे. बहुतेक वेळा पितळी नळीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्रेशर रेग्युलेटरमुळे प्रवाह मरतो. रेग्युलेटर काढून पुन्हा बादली भरून बघा, फरक लगेच कळेल. पण चाचणी झाली की परत लावा. काही कॅम्पग्राउंडचा दाब ८० पीएसआयच्या वर जातो आणि ट्रेलरच्या लाइनला ४० ते ५० पुरेसे असतात. शक्य असेल तर घड्याळासारखा काटा असलेला, दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर घ्या.

इनलेटच्या तोंडात जाळीचा वॉशर असतो. तो नखाने किंवा चिमट्याने बाहेर काढा. वाळू, गंजाचे कण, कधी होजच्या आतल्या रबराचे तुकडे निघतात. धुवा, परत बसवा. ट्रेलर वर्षानुवर्षं वापरूनही ही जाळी कधीच काढलेली नसते.

२. कान लावून ऐका

हे दोघांचं काम. एकजण बाथरूममध्ये कमोडचं पॅडल दाबून टॉर्च धरतो, दुसरा बाहेर नळ हळूहळू सोडतो. आत तोंड घालून बघू नका, तुषार वर येतात. नोझल चांगलं असेल तर टँकच्या भिंतीवर पाऊस आपटल्यासारखा सपसप आवाज येतो. नुसती धार पडल्याचा आवाज आला तर नोझलची काही भोकं बुजली आहेत किंवा दाब अपुरा आहे. काहीच आवाज नाही आणि कुठे गळतीही नाही, म्हणजे वाट कुठेतरी पूर्ण बंद आहे.

सीवर होजच्या, म्हणजे मैला बाहेर नेणाऱ्या होजच्या, आधी बसवायचा पारदर्शक एल्बो (वळणाचा जोड) घ्या. दहा-पंधरा डॉलरच्या या तुकड्याने माझा जितका वेळ वाचवला, तितका दुसऱ्या कुठल्याच वस्तूने नाही. बाहेर पडणारं पाणी दिसतं, त्यामुळे टँक धुतला जातोय की नुसतं पाणी ये-जा करतंय हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

३. पॅनलवर विश्वास ठेवू नका

टँकच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे स्क्रू बसवलेले असतात. पाणी त्यांच्यापर्यंत आलं की सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. भिंतीवर ओला कागद किंवा चिकट थर राहिला की तोच वीज वाहून नेतो आणि पॅनल टँक भरल्याचं सांगत राहतं. यात फ्लशचा काही दोष नाही.

टँक रिकामा करा, व्हॉल्व्ह बंद करा, एक-तृतीयांश पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घाला आणि पुढच्या मुक्कामापर्यंत गाडी चालू द्या. हिंदकळून भिंती धुतल्या जातात. दोन-तीन ट्रिप असं करा. तरीही दिवा तसाच राहिला तर त्या स्क्रूचा नाद सोडा. टँकच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात, ते मैल्याला शिवतच नाहीत.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. टमरेल किंवा हँड शॉवर वापरणाऱ्या घरांचे टँक मी उघडले तेव्हा ते कागद वापरणाऱ्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ होते. टँक लवकर भरतो हे खरं, पण मैला पाण्यात राहतो, वाळत नाही. संकोचू नका, टमरेल ठेवा. आणि कागद वापरत असाल तर तो बाटलीभर पाण्यात टाकून हलवून बघा. अर्ध्या मिनिटात त्याचा लगदा झाला नाही तर तो कागद टँकमध्ये नको.

४. टँकच्या तळाशी डोंगर झालाय का?

पूर्ण हुकअपच्या, म्हणजे पाणी, वीज आणि सीवर तिन्ही जोडता येणाऱ्या, साइटवर ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह आठवडाभर उघडा ठेवणारे असतात. पाणी निघून जातं, घट्ट भाग कमोडच्या खाली साठत जाऊन त्याचा सुळका होतो. मग फ्लशचं पाणी त्याच्या बाजूने वाहून निघतं आणि पारदर्शक एल्बोत पहिल्यापासून स्वच्छ दिसतं. चौथं लक्षण हेच.

उपाय म्हणजे पाणी आणि वेळ. व्हॉल्व्ह बंद करा, कमोडमधून बादलीने पाणी घालत टँक तीन-चतुर्थांश भरा आणि दोन दिवस भिजू द्या. मग एका दमात सोडा. फरक पडला पण पुरेसा नसेल तर पुन्हा करा. मला सर्वात वाईट टँकसाठी चार वेळा करावं लागलं. बर्फाचे खडे टाकून गाडी फिरवा असा सल्ला अनेकजण देतात. मी दोनदा करून पाहिलं, साध्या पाण्यापेक्षा वेगळा फरक दिसला नाही.

उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिक आणि सील दोन्ही मऊ पडतात. ब्लीच तर अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाशी किंवा टँकच्या दुसऱ्या एखाद्या रसायनाशी त्याचा संयोग झाला तर विषारी वायू तयार होतो, आणि ट्रेलरचं बाथरूम म्हणजे खिडकी नसलेली खोली. तार किंवा सळईने टोचायचीही घाई करू नका, सेन्सरचे स्क्रू नाहीतर नोझल तुटतं.

५. व्हॅक्यूम ब्रेकर

आता मूळ दुखणं.

२०१९ च्या जानेवारीत शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. त्या वसंतात माझा स्वतःचा ट्रेलर पहिल्यांदा गळला. मला कोडं पडलं, कारण हिवाळ्याची तयारी मी नीट केली होती. टाक्या रिकाम्या केल्या, पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप फुटू न देणारं द्रव) सगळ्या नळांतून, शॉवरमधून, कमोडमधून फिरवलं. मग गोठलं काय?

फ्लशची लाइन गोठली. तिचा पंपाशी संबंधच नसतो, तिचं इनलेट वेगळं आणि वाट वेगळी. घरभर फिरवलेल्या अँटीफ्रीझचा एक थेंबही तिकडे पोहोचत नाही. मागच्या ट्रिपचं पाणी ब्रेकरच्या वळणात बसून राहतं आणि पहिल्या कडक रात्री प्लॅस्टिकला चीर पाडतं. वसंतात पहिल्यांदा फ्लश लावेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. दरवर्षी हेच दुखणं परत येतं ते याच कारणाने.

ब्रेकर शोधायला इनलेटपासून सुरुवात करा. त्याच भिंतीच्या आत, कमोडच्या मागे, सिंकच्या कपाटात किंवा शॉवरच्या मागे चार स्क्रूंनी बसवलेलं एखादं पॅनल असतं. त्या भागात पाणी साचलं असेल आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर आधी शोर पॉवरची, म्हणजे बाहेरून वीज आणणारी, केबल काढा आणि बॅटरीची जोडणीही काढा. पॅनल काढा, ब्रेकरखाली कोरडा पेपर टॉवेल पसरा आणि बाहेरच्या माणसाला नळ पाव फेरीच सोडायला सांगा.

नळ सोडताना आणि बंद करताना ब्रेकरच्या डोक्यातून दोन-चार थेंब उडणं ठीक आहे. आतली तबकडी जागेवर बसेपर्यंत तेवढं होतं. पाणी वाहत असतानाही गळत राहिलं तर ब्रेकर गेला. चीर शोधताना फसायला होतं. माझ्या ब्रेकरवर काहीच दिसत नव्हतं. पुसून कोरडा केला, टोपीच्या कडेला अंगठ्याने दाबलं, तेव्हा केसाएवढी रेघ उघडली आणि तिच्यातून पाण्याचा मणी बाहेर आला. अंगठा काढला की रेघ गायब.

नवीन ब्रेकर दहा ते पंचवीस डॉलरला मिळतो. पितळी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे घालून तोच घ्या. बाणाची दिशा बघा, तो जुन्याच उंचीवर, सरळ उभा बसवा. आट्यांना टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्या, हाताने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरी. प्लॅस्टिकचे आटे याहून जास्त सहन करत नाहीत. पॅनल लावण्याआधी दहा मिनिटं फ्लश चालवा, खालचा टॉवेल कोरडा राहिला पाहिजे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ब्रेकर काढून टाकून दोन्ही पाइप सरळ जोडणारे लोक आहेत. गळती थांबते, पाच डॉलरमध्ये काम होतं, पाणीही जोरात येतं. एका वापरलेल्या ट्रेलरमध्ये मला असा जोड सापडला. विकणाऱ्याने लपवलाही नव्हता, उलट सुधारणा म्हणून सांगितला. कृपा करून हे करू नका. तुमच्या मैल्याच्या टँकमध्ये आणि त्या कॅम्पग्राउंडवर बाटल्या भरणाऱ्या मुलांच्या मध्ये बऱ्याचदा तेवढा एकच तुकडा उभा असतो. नवीन ब्रेकर मिळेपर्यंत फ्लश वापरू नका. तोवर कमोडमधून बादलीने पाणी ओता, काही अडत नाही.

नवा ब्रेकरही महिन्याभरात गळायला लागला तर त्याला दोष देऊ नका. नोझल तुंबलं की पाण्याला पुढे वाट उरत नाही आणि लाइनचा सगळा दाब ब्रेकरवर येऊन थांबतो. अशा वेळी पुढची पायरी करावीच लागते.

६. नोझल आणि एकदिशा व्हॉल्व्ह

काही ट्रेलरमध्ये इनलेटच्या मागेच एकदिशा व्हॉल्व्ह असतो. क्षारांनी तो अडकतो. इनलेटचे स्क्रू काढून ते बाहेर ओढलं की दिसतो. आतली तबकडी बोटाने दाबून मोकळी परत येते का बघा, नाहीतर बदला.

नोझलपर्यंत पोहोचणं मात्र कष्टाचं आहे. टँक बहुधा पोटाखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे असतो. टँक पूर्ण रिकामा आणि धुतलेला असल्याशिवाय याला हात लावू नका. ४० गॅलन पाण्याचं वजन १५० किलोच्या वर जातं. आवरणाची एक बाजू सोडवा, नोझलला येणारा पाइप काढा आणि तो बादलीत धरून नळ सोडा. पाणी जोरात आलं तर दोष नोझलमध्ये, नाही आलं तर मागे. तुंबलेलं नोझल स्क्रू काढून बाहेर घ्या आणि रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. बोअरवेलच्या जड पाण्याच्या भागात फिरून आलेल्या ट्रेलरमध्ये बहुतेक क्षारच असतात आणि ते विरघळतात. परत बसवताना गॅस्केट नवीन घाला, जुनं पुन्हा नीट बसत नाही.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

टँकलाच चीर दिसली तर थांबा. टँक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्या सिमेंटने (सॉल्व्हंट गोंदाने) जोडता येतो, पण पॉलिएथिलिनचा असेल तर त्याला साधा गोंद धरत नाही, बहुधा प्लॅस्टिक वेल्डिंग लागतं. वरून सारख्या दिसणाऱ्या टाक्यांत फरक ओळखायला सवयीची नजर हवी.

बाथरूमची जमीन पायाखाली मऊ लागत असेल, पोटाखालचं आवरण पाण्याने लोंबत असेल किंवा आतल्या इन्सुलेशनमध्ये मैल्याचं पाणी शिरलं असेल, तर हे घरच्या घरी करायचं काम राहिलेलं नाही. टँक फुगला असेल किंवा त्याच्या आधाराच्या पट्ट्या वाकल्या असतील, तर त्याखाली झोपू नका. कमोडमधून पाणी चढतंय आणि व्हॉल्व्ह उघडूनही उतरत नाही, तर आत भरपूर मैला अडकलेला आहे. टँक साफ करणारे लोक जास्त दाबाचा जेट घेऊन कॅम्पग्राउंडवर येतात, त्यांना सांगा. आणि ट्रेलर वॉरंटीत असेल तर पॅनलचा पहिला स्क्रू काढायच्या आधी डीलरला फोन करा, नाहीतर नंतर वाद होतो.

मेकॅनिकला फोन केलात की दोन गोष्टी आधी सांगा: पाणी फक्त फ्लश चालू असतानाच येतं का, आणि बादली भरायला किती वेळ लागला. त्याचा निम्मा तपास तिथेच होतो.

ऑक्टोबरमध्ये

अँटीफ्रीझ फिरवून झालं की लगेच हे करा. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा, फ्लशच्या इनलेटला कॉम्प्रेसरचा अडॅप्टर लावा, दाब ३० ते ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका आणि हवा सोडा. सुरुवातीला नोझलमधून पाणी थुंकल्यासारखा आवाज येईल. तो पूर्ण थांबून नुसती हवेची फुसफुस उरली की अजून एक मिनिट चालू ठेवा. मग अडॅप्टर काढा, इनलेटचं झाकण लावा आणि जाळीचा वॉशर धुऊन घरात आणून ठेवा. वसंतात तो कोरडाच परत बसवायचा आहे.